सावली नसलेले बावीस किलोमीटर

टेक्सस राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला रिओ ग्रांदे नदी एक मोठं वळण घेते. नदीच्या पलीकडे मेक्सिको, अलीकडे बिग बेंड नॅशनल पार्क. शुक्रवार, २३ जून २०२३ रोजी या पार्कातल्या ‘मारुफो वेगा’ नावाच्या पायवाटेवर फ्लोरिडाहून आलेले तिघे जण चालत होते. एकतीस वर्षांचे वडील आणि त्यांचे दोन सावत्र मुलगे, एक एकवीस वर्षांचा, दुसरा चौदाचा. रात्री आठपर्यंत त्यांतला एकच जिवंत राहिला होता.

अशी बातमी आली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो बापाच्या अकलेचा. तो विचारून आपण मोकळे होतो आणि खरं काय घडलं ते बघायचं राहून जातं. मला विचाराल तर या दिवसातली चुकीची वेळ संध्याकाळची नव्हतीच. धाकटा मुलगा उन्हाने वाटेवर कोसळला तेव्हा काय करायला हवं होतं याची चर्चा कितीही करा, त्या क्षणी हातात असलेले सगळे पर्याय वाईटच होते. बरे पर्याय सकाळीच संपले होते, तेव्हा कुणाला साधी डोकेदुखीसुद्धा नसावी. म्हणून हा घटनाक्रम पहाटेपासून मांडायला हवा.

आदले चार दिवस

टेक्ससवर उष्णतेचा घुमट बसला आहे. हवेचा जास्त दाबाचा पट्टा एका जागी ठाण मांडतो, खालची हवा दाबली जाऊन आणखी तापते, ढग धरत नाहीत आणि प्रत्येक दिवस आदल्या दिवसाच्या उरलेल्या उष्णतेवर चढतो. सॅन अँजेलो शहरात याच आठवड्यात ११४ फॅरनहाइटची, म्हणजे साडेपंचेचाळीस सेल्सिअसची नोंद झाली. तिथला तो आजवरचा उच्चांक. बिग बेंडमध्ये नदीकाठच्या भागात पारा रोज ११० च्या वर जातो आहे. इशारे निघाले आहेत, पण जूनमध्ये इशारे निघतातच. रोज वाजणाऱ्या भोंग्याकडे माणूस लक्ष द्यायचं सोडून देतो.

सकाळी ६.५५

सूर्योदय. नदीपलीकडे पूर्वेला सिएरा देल कार्मेनचे उभे कडे आहेत, त्यामुळे सूर्य प्रत्यक्ष दिसायला त्याहून थोडा उशीरच होतो. हवा बरी असते, डोंगर गुलाबी दिसतात, फोटो उत्तम येतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिग बेंड अमेरिकेच्या मध्य वेळपट्ट्यात बरंच पश्चिमेला पडतं, त्यात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली. परिणामी मनगटावरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याचे जेमतेम दहा वाजलेले असतात. तो माथ्यावर येतो दोनला काही मिनिटं कमी असताना. माणसाच्या अंगात मुरलेला हिशेब असतो की बाराला ऊन, चारला उतार. या जागी तो हिशेब दोन तासांनी चुकतो.

सकाळी ८

मारुफो वेगाची वाट बोकियास कॅन्यनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सुटते. साधारण १४ मैल, म्हणजे बावीस किलोमीटरांहून थोडी जास्त, फिरून परत येणारी. चुनखडीचे उघडे कडे, कोरडे ओढे, सुटे दगड, काटेरी झुडपं. जवळच जुन्या हवाई रज्जुमार्गाचे अवशेष आहेत. १९०९ ते १९१९ या काळात मेक्सिकोतल्या खाणींची धातुकं नदीवरून तारेला टांगून इकडे येत. आजही वाटेवरून जाताना त्या मार्गाचे लाकडी खांब दिसतात. मग वाट दऱ्यांमधून नदीकडे उतरते आणि पुन्हा वर चढून निघाल्या जागी येते. पार्कच्या माहितीत या वाटेबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की सावली नाही, पाणी नाही आणि उन्हाळ्याच्या तापात ती धोकादायक आहे. पार्कातल्या सगळ्यात उष्ण भागात ती आहे.

डोंगर चढताना आपण थकलो की खाली उतरतो. दऱ्यांच्या प्रदेशात हे गणित उलटं होतं. आधी उतार, तोही सकाळच्या गार हवेत. शरीर ताजं, पाठपिशवीत पाणी भरपूर. परतीची चढण शिल्लक राहते ती दुपारच्या उन्हासाठी आणि अर्ध्या रिकाम्या बाटल्यांसाठी. ग्रँड कॅन्यनचे रेंजर वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार कॅन्यनच्या आत चालू नका अशी सूचना तिथे असते.

आता पाण्याचा हिशेब. बिग बेंडमध्ये दरडोई दररोज निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लीटरच्या आसपास पाणी बाळगायला सांगतात. ही किमान सूचना झाली. भर उन्हात, ओझं घेऊन, चढ-उतारावर चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लीटर घाम सहज जातो, कधी दीडही. आठ तास चाललं तर आठ लीटर. आठ लीटर म्हणजे आठ किलो. तिघांचे चोवीस. चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आठ किलो पाणी, शिवाय खाणं आणि सामान, असं ओझं कोण देतं? म्हणजे ही वाट जूनमध्ये एका दिवसात करायची तर पाणी पुरेसं नेलं तरी पंचाईत, नाही नेलं तरी पंचाईत. वाट या ऋतूची नाहीच, हा निष्कर्ष वजनकाट्यावरसुद्धा निघतो.

सकाळी १०

काहीच बिघडलेलं नसतं.

दुपारी १२

घड्याळाच्या मते दुपार, सूर्याच्या मते सकाळ. हवेचं तापमान पस्तिसाच्या पुढे गेलं की शरीराचा एक दरवाजा बंद होतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण तेवढंच असतं. हवा त्याहून थंड असेपर्यंत वारा लागला की अंगातली उष्णता बाहेर जाते. हवा त्याहून तापली की तोच वारा उष्णता आत आणतो. पायाखालचे दगड तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असतात आणि खालून भाजतात. एकच मार्ग उरतो, घाम येणं आणि तो सुकणं.

फ्लोरिडा उष्ण आहे, पण ती दमट उष्णता. कोकणातला माणूस मे महिन्यात नागपुरात उतरला की पहिल्या दिवशी म्हणतो, “इथे घामच येत नाही.” घाम येतच असतो. तो कपड्याला लागायच्या आत उडून जातो. दमट हवेत वाढलेल्याला भिजलेला सदरा हीच पाणी जात असल्याची खूण वाटते. वाळवंटात ती खूण मिळत नाही. अंग कोरडं, आणि आतून लीटरमागून लीटर जात असतं. कपाळावर हात फिरवला की हाताला मिठाचे कण लागतात, तोवर बराच उशीर झालेला असतो.

दुपारी १.५५

सूर्य माथ्यावर. २९ अंश अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो जवळजवळ डोक्यावरच असतो. कड्याची सावली कड्याच्या बुंध्यापाशीच संपते, त्यात माणूस मावत नाही. सकाळी ज्या दरीत अर्धी बाजू गार होती तिथे आता दोन्ही भिंती तापून एकमेकींवर उष्णता फेकतात.

याच वेळी पार्कच्या मधोमध, चिसोस डोंगरांच्या उंचीवर, हवा दहा-अकरा अंशांनी थंड असते. तिथे ओक आणि पाइनची झाडं आहेत. नदीकाठापासून गाडीने तासाभराच्या आतबाहेरचं अंतर. एकाच पार्कात, एकाच दिवशी दोन वेगळे ऋतू चालू असतात आणि नकाशावर दोन्हीकडच्या पायवाटा सारख्याच रंगाच्या रेघांनी दाखवलेल्या असतात.

दुपारी ३

आता पारा चढतोच आहे. वाळवंटात दिवसाचं कमाल तापमान सूर्य माथ्यावर असताना येत नाही, त्यानंतर काही तासांनी येतं, कारण जमीन घेतलेली उष्णता परत सोडत असते. बिग बेंडच्या घड्याळात ही वेळ साडेचार ते सहाच्या सुमारास पडते. म्हणजे ‘आता ऊन उतरेल’ या आशेवर माणूस ज्या तासात पाय उचलतो, तोच दिवसातला सगळ्यात वाईट तास.

शरीरात काय चाललेलं असतं ते थोडं विस्ताराने सांगायला हवं. पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं. त्याच रक्ताला एकीकडे स्नायूंना प्राणवायू द्यायचा असतो आणि दुसरीकडे त्वचेपर्यंत उष्णता वाहून न्यायची असते. दोन्ही कामं पुरी पडत नाहीत, हृदय जोरात पळू लागतं. मळमळ सुरू होते, आणि मळमळ आली की पाणी पोटात ठरत नाही. म्हणजे पाणी जवळ असूनही उपयोग नाही अशी अवस्था येऊ शकते. शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेलं की मेंदूचं काम बिघडतं. बोलणं विसंगत होतं, तोल जातो, चिडचिड होते, मग शुद्ध हरपते. हा उष्माघात. यात सर्वांत क्रूर भाग असा की आपल्याला काहीतरी होतंय हे ओळखणारा अवयवच सर्वांत आधी निकामी व्हायला लागतो.

हवा त्वचेपेक्षा तापलेली असते तेव्हा लहान अंगाची माणसं जास्त तोट्यात जातात. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त, म्हणजे उष्णता आत यायला वाव जास्त. शिवाय चौदा वर्षांचा मुलगा हा एक अवघड वयाचा वाटसरू असतो. लहान मूल रडून बसून घेतं. मोठा माणूस म्हणतो, परत फिरू. चौदाचा मुलगा एकवीस वर्षांच्या भावाच्या मागे चालत असला तर बहुधा काहीच म्हणत नाही.

सहाच्या आधी

वाटेवर धाकट्याची तब्येत बिघडते आणि त्याची शुद्ध हरपते.

तिघांची ताटातूट होते. वडील मदत आणायला गाडीकडे निघतात. मोठा भाऊ धाकट्याला उचलून वाटेच्या तोंडाकडे न्यायला लागतो.

या निर्णयावर घरात पंख्याखाली बसून बोट ठेवणं सोपं आहे. उष्माघाताच्या उपचाराचा नियम आज सर्वमान्य आहे. आधी जागच्या जागी गार करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्यात बुडवणं सर्वांत उत्तम, आणि पहिल्या अर्ध्या तासात केलं तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर बाजूला बर्फाची टाकी ठेवतात ती यासाठीच. पण उघड्या खडकावर, जिथे सावलीच नाही, तिथे गार करणार कशाने? थांबावं तर तो दगडावर भाजतो. उचलावं तर उचलणारा भाजतो, कारण स्नायू काम करताना खर्चलेल्या शक्तीतला तीन-चतुर्थांशांहून जास्त भाग निव्वळ उष्णता म्हणून अंगातच सोडतात. पळावं तर पळणाऱ्याची तीच गत. मोबाइलला पार्कच्या बहुतेक भागात रेंज नसते, म्हणून मदत मागायची तर कुणालातरी चालतच जावं लागतं. वडिलांनी गाडीकडे धाव घेतली. अशा वेळी दुसरा कुठलाही बाप हेच करेल.

तोवर वडीलही त्याच उन्हात, तीच वाट चालून तापलेले होते. वाचवायला निघालेला माणूस बाहेरून आलेला नसतो, तोही रुग्णच असतो. अशा प्रसंगांत सोबतचे लोक आजारी माणसाकडे बघतात आणि स्वतःला धडधाकट समजतात. तीन माणसं एकाच वेळेला निघाली असतील, एकाच उन्हातून चालली असतील, तर पहिला कोसळला याचा अर्थ उरलेले दोघे फार मागे नाहीत.

सायंकाळी ६

पार्कच्या संपर्क केंद्रात फोन येतो. मारुफो वेगावर तातडीची मदत हवी आहे. त्या दिवशी पारा ११९ फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे अठ्ठेचाळीस सेल्सिअसच्या वर. टेक्सस राज्याचा आजवरचा विक्रम १२० चा आहे.

६ ते ७.३०

पार्कचे रेंजर आणि अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाचे जवान वाटेवर निघतात. या भागात सीमा गस्तीची माणसं असतातच, आणि अशा शोधकार्यात ती नेहमी हाताशी येतात.

दीड तास हा वेळ ऐकायला मोठा वाटतो. पार्कचं क्षेत्रफळ सव्वातीन हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. मुख्यालय पँथर जंक्शनला, तिथून नदीकाठ तीस किलोमीटरांवर. पुढे खडकाळ पायवाट, पाठीवर पाणी आणि औषधांचं ओझं, आणि शोधायला गेलेल्यांनाही लागू असलेलं तेच ऊन. जवळचं रुग्णालय आल्पाइन गावात, दीडशे किलोमीटरांहून दूर. अर्ध्या तासाच्या आत गार करायचा रोग आणि दीड तासात पोहोचणारी मदत, यांचा मेळ कुठल्याही शौर्याने बसत नाही.

सायंकाळी ७.३०

पथक पोहोचतं. चौदा वर्षांचा मुलगा वाटेवर मृतावस्थेत सापडतो. मोठा भाऊ जिवंत आहे. वडील मात्र कुठेच नाहीत. शोध आता त्यांचा.

रात्री ८ च्या सुमारास

बोकियास ओव्हरलुक ही जागा याच रस्त्यावर आहे. तिथून नदीपलीकडचं बोकियास गाव दिसतं. तिथे रस्त्याच्या कडेवरून खाली कोसळलेली गाडी सापडते. वडिलांना जागेवरच मृत घोषित केलं जातं. ते वाटेवरून बाहेर पडले होते, गाडीपर्यंत पोहोचले होते, गाडी सुरू करून निघालेही होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

रात्री ८.५५

सूर्यास्त.

आधीचे आणि नंतरचे

हा प्रसंग एकटा नाही, म्हणून आणखी दोन सांगतो.

४ ऑगस्ट २०१५. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स, पांढऱ्या जिप्समच्या टेकड्यांचा प्रदेश. फ्रान्सहून आलेलं जोडपं आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा अल्कली फ्लॅट वाटेवर गेले. जवळ अर्धा लीटरहून थोड्या मोठ्या अशा दोन बाटल्या. आईला बरं वाटेना म्हणून ती परत फिरली, बाप-लेक पुढे गेले. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास रेंजरना आईचा मृतदेह सापडला. तिच्या कॅमेऱ्यातले फोटो बघितले तेव्हा कळलं की आणखी दोघे आहेत. शोधल्यावर बाप मृत सापडला आणि त्याच्याशेजारी मुलगा जिवंत. तिथल्या शेरीफने नंतर सांगितलं की आई-वडील स्वतः एक घोट घेत तेव्हा मुलाला दोन देत असावेत, त्यानेच तो वाचला असावा. त्या दिवशी तापमान ३८ सेल्सिअस होतं, आपल्याकडे ज्याला कुणी विशेष ऊन म्हणणार नाही.

१२ जुलै २०२४. युटातलं कॅन्यनलँड्स, सिंकलाइन नावाची वाट. बावन्न वर्षांचे वडील आणि तेवीस वर्षांची मुलगी वाट चुकले, पाणी संपलं. त्यांचा संदेश आपत्कालीन यंत्रणेपर्यंत पोहोचला, पथकं निघाली, पण दोघेही मृत सापडले. तापमान शंभर फॅरनहाइटच्या वर होतं.

तिन्ही ठिकाणी महिना जून ते ऑगस्ट. हा योगायोग नव्हे. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या याच महिन्यांत असतात, आई-वडिलांना रजाही याच काळात जुळते, म्हणून वाळवंटातल्या पार्कांत मुलाबाळांसकट लोक नेमके याच ऋतूत येतात. अमेरिकेत स्थिरावलेली मराठी कुटुंबं याला अपवाद नाहीत. युटा-ॲरिझोनाची सहल हा आता भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या मुक्कामाचाही ठरलेला भाग झाला आहे. सह्याद्रीत भटकलेल्या बापाला वाटतं, चौदा मैल म्हणजे काय. सह्याद्रीत वाटेवर एखादं टाकं लागतं, वाडी लागते, करवंदाची जाळी का होईना आडोशाला असते. इथे नाही.

तेव्हा जाणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. पार्कात शिरलात की आधी रेंजरच्या खिडकीशी जा आणि वाटेचं नाव, निघायची वेळ आणि मुलाचं वय सांगून विचारा की आज ही वाट करावी का. ‘नाही’ म्हणाले तर घासाघीस करू नका, उंचावरची, झाडांतली दुसरी वाट मागा. परत फिरायची वेळ निघण्याआधीच मुलांसमोर ठरवा, आणि ती घड्याळाच्या दहाच्या आत असू द्या. सोबतच्या एकाला मळमळ झाली की सगळेच आजारी आहेत असं धरून लगेच मागे वळा. मारुफो वेगा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.